तळटीप १४ : बर्कहॉफचे प्रमेय

१४. बर्कहॉफचे प्रमेय : जॉर्ज बर्कहॉफ हे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे हार्वर्डमधील गुरू. कोसंबी तिथून १९२९मध्ये पदवीधर झाले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. संध्याकाळी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागत. मग पळसदरीला खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचा फाटा सोडून ती बोरघाट चढे. मजकुरातला ‘कर्जतचा थांबा’ तो हाच.

प्रमेय १९३१चे. अर्गोडिक व्यवस्थेत एकाच बिंदूचा प्रवास दीर्घकाळ पाहत राहिले, तर कालावरची सरासरी जवळजवळ नेहमीच संपूर्ण अवकाशावरच्या सरासरीशी जुळते. नाणेफेकीचा मोठ्या संख्यांचा नियम याचाच एक विशेष प्रकार.

पण सरासरीभोवतीची चढउतार किती? ‘मध्यवर्ती सीमा प्रमेया’ची घंटाकृती इथेही उमटते का? ० ते १मधली संख्या दुप्पट करून पूर्णांक टाकत राहिल्यास उमटते, कारण ही व्यवस्था आपला भूतकाळ झपाट्याने विसरते. वर्तुळ अपरिमेय कोनातून फिरवत राहणे हेही अर्गोडिकच, परंतु त्यात विसर नाही; गुळगुळीत फलनांच्या बाबतीत तिथे घंटाकृती सहसा मिळत नाही. नुसते अर्गोडिक असणे पुरत नाही, हा फरक इथे महत्त्वाचा.

कोसंबींनी १९४३मध्ये मांडलेला यादृच्छिक फलनांचा विस्तार आज बहुधा करहुनेन आणि लोएव्ह यांच्याच नावाने शिकवला जातो. हा अन्याय आहे.