नकाराचा अधिकार

काशीस पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की अरुंद गल्ल्यांत मंगला गौरीचे देऊळ लागते. काशीतील नऊ गौरींपैकी ही एक. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट हा सारा परिसर म्हणजे दक्षिणी ब्राह्मणांची जुनी वस्ती. श्रावणातल्या मंगळवारी आपल्याकडच्या नवविवाहिता मंगळागौर पूजतात, ती सौभाग्य अखंड राहावे म्हणून. पण सौभाग्य गेलेल्या कितीतरी मराठी स्त्रियाही पूर्वी काशीवास पत्करून, आलवण नेसून, याच काशीत उरलेले आयुष्य कंठीत. त्यांच्या मस्तकावरून ठरावीक दिवसांनी वस्तरा फिरे. तो फिरविणाऱ्या न्हाव्याला हे काम नाकारता आले असते काय?

मुंबईच्या न्हाव्यांनी ते नाकारले. १८९० साली 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. हातावर पोट असलेल्या माणसांनी हक्काची मिळकत सोडली. शास्त्राधार शोधीत बसलेल्या पंडितांपेक्षा त्यांचा हा निर्णय मला अधिक धीराचा वाटतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या व्यवहारात गिऱ्हाईक कोण होते? ती विधवा नव्हे. न्हाव्याला बोलावी ते तिचे घर, पैसे देई तेही घर. तिला कोणी विचारीत नसे.

पण श्रोतेहो, याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही आहे. त्याच काळात साताऱ्यास एका लष्करी पेन्शनराच्या मुलांचे केस कापण्यास एकही न्हावी तयार नसे. ती अस्पृश्याची मुले होती. त्यांची थोरली बहीण घरीच भावांचे केस कापी. त्या भावांतील एक म्हणजे भीमराव आंबेडकर.

त्यांनीच सांगितलेली १९०१ सालची हकिकत प्रसिद्ध आहे. वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी मुले मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. जात कळताच एकही गाडीवान गाडी देईना. शेवटी एक जण कबूल झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही गाडी मुलांनी हाकावी, आपण मागून पायी चालू, या अटीवर. विटाळाला भाव असतो, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळले.

नकार दोन्हीकडे आहे आणि नाकारणारा दोन्हीकडे व्यावसायिकच आहे. मग एकाची वाहवा आणि दुसऱ्याचा धिक्कार आपण कोणत्या न्यायाने करावा? माझ्या मते नाभिकांनी एक काम नाकारले, ते सर्वांनाच. गाडीवानाने रोजचे काम नाकारले नव्हते, माणूस नाकारला होता.

तो मुलगा पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत एका सभासदाने विचारले की, 'दुकान' या शब्दात धोब्याची आणि न्हाव्याची दुकाने येतात काय? आंबेडकरांनी उत्तर दिले की, जो कोणी मोबदला घेऊन आपली सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान. वकील-डॉक्टरही त्यात आले. हे उत्तर देताना त्यांना मसूरचे स्टेशन आठवले असेल की नाही, कोण सांगणार! १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर अस्पृश्यतेच्या कारणावरून माल किंवा सेवा नाकारणे हा गुन्हाच ठरविला, आणि इतरांना ज्या अटींवर ती मिळते त्याच अटींवर ती द्यावी, असेही त्यात घातले. म्हणजे दुप्पट भाड्याचीही वाट बुजली. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले.

एक अडचण मात्र राहते. काशीतील एखादी वृद्धा, कोणाच्याही दडपणाविना, केवळ स्वतःच्या श्रद्धेने म्हणाली असती, "बाबा रे, माझे मस्तक उतरव," तर? येथे गिऱ्हाईक ती स्वतःच आहे. न्हाव्याने मान हलवावी काय? मला वाटते, हलवावी. ब्राह्मणाच्या विधवेला आणि वाण्याच्या विधवेलाही तो तेच सांगत असेल, तर हलवावी. आणि तिने दुसरा न्हावी शोधला, तर तिच्याही आड येऊ नये.