बायपास शस्त्रक्रियेतील भूल

हृदयाच्या अरुंद झालेल्या धमन्यांपुढे रक्ताला नवी वाट करून देताना रुग्णाला बेशुद्ध, वेदनारहित आणि स्थिर ठेवण्याच्या पद्धती. भुलीची बहुतेक औषधे रक्तदाब उतरवतात आणि या रुग्णाच्या हृदयाला ती घट सोसत नाही. भूल उथळ राहिली तर नाडी धावते, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो आणि अरुंद धमनी तो पुरवू शकत नाही.

म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवून प्रत्येक ठोक्यागणिक रक्तदाब दिसू लागला, की मगच भुलीचे औषध थेंबाथेंबाने सोडतात. जपावे लागते ते दोन क्षणी : श्वासनलिकेत नळी घालताना आणि करवतीने छातीचे हाड कापताना.

१९६९ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील एडवर्ड लोवेनस्टाइन व सहकाऱ्यांनी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिन देऊनही हृदय स्थिर राहते, हे दाखवून दिले. पुढे मॉर्फिनची जागा फेंटानिलने घेतली. मात्र मोठ्या मात्रेमुळे श्वास दडपला जाई, रुग्ण रात्रभर व्हेंटिलेटरवर राही. शिवाय केवळ अशा औषधाने बेशुद्धी पक्की नसे; काहींना तर शस्त्रक्रियेतले प्रसंग नंतर आठवत, आणि याहून भयंकर अनुभव कल्पिणे कठीण. १९९० च्या दशकात मात्रा कमी करून सोबत वायुरूप औषध किंवा शिरेतून प्रोपोफोल देण्याची पद्धत रुळली. श्वासनलिकेतली नळी काही तासांतच निघू लागली.

वाफेची भूल बरी की शिरेतली, हा वाद बराच काळ चालला. १९८० च्या दशकात आयसोफ्लुरेन वायूवर संशय होता : निरोगी धमन्या रुंदावून तो आजारी भागाचे रक्त पळवतो, असा. मग वारे फिरले. १९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठात कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले, की आधी थोडा थोडा वेळ रक्तपुरवठा रोखला तर नंतरच्या मोठ्या खंडात हृदयाचा स्नायू कमी मरतो. सेव्होफ्लुरेनसारखे वायूही असेच संरक्षण देतात, असे लहान अभ्यासांतून वाटू लागले. हृदय-फुप्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन सुरू असताना फुप्फुसे थांबलेली असतात. तेव्हा हा वायू यंत्राच्या ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्ताला प्राणवायू देणाऱ्या भागातून, रक्तात मिसळतात.

२०१९ मध्ये ‘मिरियाड’ चाचणीने या आशेला लगाम घातला. १३ देशांतील ५,४०० रुग्णांत वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण वायुगटात २.८ टक्के, शिरेवाटे भूल दिलेल्यांत ३.० टक्के निघाले. हा फरक अर्थपूर्ण नव्हता. तेव्हा औषधाच्या नावापेक्षा नाडी व रक्तदाब सांभाळणाऱ्या हाताला अधिक महत्त्व द्यायला हवे. वृद्धाला किंवा दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला तेच औषध अधिक संथ गतीने द्यावे लागते.

पाठीच्या वरच्या भागातील एपिड्युरल, म्हणजे मणक्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बधिरीकरणाचे औषध सोडणे, हा वेगळा मार्ग. त्याने वेदना उत्तम शमतात, नाडीही संथ राहते. २००० च्या सुमारास तुर्कस्तानातील आणि बंगळूरच्या पथकांनी केवळ याच्या आधारे, रुग्ण जागा असताना, धडधडत्या हृदयावर बायपास केले. तरी ही पद्धत सर्रास रुजली नाही. बायपासमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावेच लागते; अशा वेळी मणक्यात रक्तस्राव झाला तर मज्जारज्जूवर दाब येऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. धोका विरळ, पण परिणाम भीषण. अलीकडे भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या मदतीने पाठीच्या किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिरीकरणाचे औषध सोडतात. २०१६ मध्ये वर्णिलेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक त्यांपैकीच. त्यात सुई मणक्याच्या पोकळीत शिरत नाही.