कुड्याचे पाळ आणि छापील पान

औषधी वनस्पतींचा इतिहास आपल्याकडे बहुधा ग्रंथांचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. संहिता, निघंटू, वैद्यकोश आणि त्यांचे कर्ते यांची नामावळी पुरी झाली की विषय संपला असे आपण मानतो. परंतु रानात जाऊन नेमके झाड ओळखणे, त्याचे मूळ खणून घरी आणणे आणि सहाणेवर उगाळणे ही ज्ञानाची दुसरी शाखा ग्रंथांना समांतर चालत आली आहे. या दोन शाखांची ताटातूट झाली की काय घडते, हे एका सामान्य रानझाडाच्या आधारे पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. ते झाड म्हणजे कुडा.

मराठीच्या विद्यार्थ्याला कुडा प्रथम भेटतो तो संस्कृत काव्यातून. ‘मेघदूता’तील यक्ष मेघाला अर्घ्य देतो ते कुटजाच्या ताज्या फुलांचे, आणि हा कुटज म्हणजेच आपला कुडा. कोकणच्या घरांत मात्र तो आधी स्वयंपाकात आणि मग औषधांत येतो. त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते. मुळाची साल, म्हणजे कुड्याचे पाळ, जुलाबावर नि आवेवर ताकातून उगाळून देण्याची रीत जुनी आहे. घरोघरचा कुडेपाकही त्याचाच. चरकसंहितेतही कुटजाच्या सालीला संग्राहक द्रव्यांत अग्रस्थान आहे. येथवर घर आणि ग्रंथ एकमेकांशी सहमत आहेत.

अडचण अशी की सह्याद्रीत कुडे दोन आहेत. पांढऱ्या कुड्याची साल अतिशय कडू असून आवेवर तीच चालते. काळा कुडा दिसायला त्याचा भाऊच. तो अगदी निरुपयोगी नव्हे, त्वचारोगांवर त्याचा उपयोग करतात. पण आवेवर त्याचा भरवसा नाही. ओळखणारा माणूस शेंगा पाहतो. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात. मात्र पांढऱ्याच्या सुट्या असतात, तर काळ्याच्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. मग तो जिभेचा कौल घेतो. बाजारातले ‘कडू इंद्रजव’ पांढऱ्याचे बी आणि ‘गोड इंद्रजव’ काळ्याचे, हा भेद याच कौलातून आला आहे.

आता हे झाड छापील पानावर कसे गेले ते पाहू. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४मध्ये गोव्यात आला आणि १५६३मध्ये तेथेच त्याचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्यात अतिसारावरच्या एका मलबारी वनस्पतीवर स्वतंत्र संवाद आहे, आणि ती कुडाच असावी असे अभ्यासक मानतात. या ग्रंथात अँटोनिया नावाची एक दासी अधूनमधून येते. वैद्यांच्या विद्वत्तापूर्ण संभाषणात तिचे काम सांगितलेली वस्तू आणून देण्याचे. तिला काय ठाऊक होते, हे ग्रंथ विचारीत नाही.

पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘होर्टुस मलबारिकुस’चे बारा खंड सिद्ध केले (१६७८–१६९३). पहिल्याच खंडात ‘कोडगपाला’ या नावाने कुडा सचित्र आला आहे. या ग्रंथाने इट्टी अच्युतन या वैद्याचे, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचे ऋण नावानिशी मान्य केले. त्या तिघांचे १६७५चे कोंकणी प्रमाणपत्रही नागरी लिपीत छापले. हे औदार्य त्या काळी दुर्मीळच होते. तरीही रानातून फांद्या आणि मुळे आणणारे हात येथेही अनाम राहिले.

खरा घोटाळा १७५३मध्ये झाला. लिनियसने ऱ्हीडचा कोडगपाला आणि सिलोनमधील एक निराळे झुडूप यांना एकाच नावाखाली घातले आणि ते नाव ठेवले ‘आमांशहर’ या अर्थाचे. पुढे शास्त्रीय नियमांनुसार ते नाव त्या सिलोनी झुडपाकडेच राहिले. ते झुडूप काळ्या कुड्याच्या कुळीतले. म्हणजे आमांश हरण करणारे झाड एक आणि ती पदवी मिरवणारे दुसरेच!

या गोंधळाची किंमत केवळ कोशांनी चुकवली नाही. युरोपात कुड्याची साल औषध म्हणून पोहोचली होती. परंतु तिची कीर्ती टिकली नाही. मुंबईत काम केलेल्या विल्यम डायमॉकने सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त (१८९०–१८९३) याचे कारण दिले आहे: काळ्या कुड्याची निष्प्रभ साल तिच्या जागी खपवली जात होती. औषध बदनाम झाले ते ओळख चुकल्यामुळे. वस्तुतः १८५८मध्येच मुंबईत हेन्स या रसायनज्ञाने पांढऱ्या कुड्याच्या सालीतून कोनेसीन हे अल्कलॉइड वेगळे केले होते. कडूपणाला महत्त्व देणाऱ्या जिभेचा कौल अगदीच निराधार नव्हता, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

याचा अर्थ आवेवर आज पाळ उगाळीत बसावे असा कोणी घेऊ नये. आमांशावर खात्रीची औषधे उपलब्ध आहेत, आणि जुलाबाने मलूल झालेल्या मुलाला आधी मीठ-साखरेचे पाणी आणि डॉक्टर हवा. आम्ही बाजू घेत आहोत ती उपचाराची नव्हे, ओळखीची. आजीबाईच्या बटव्याचे गोडवे गाणारी पुस्तके घरगुती ज्ञान म्हणजे पाककृतींची यादी समजतात: अमुक साल, अमुक ताक, अमुक दिवस. परंतु कृती तर पोथीतही होती. पोथीत नव्हते ते, शेंगांच्या जोडीकडे पाहून ‘हा नव्हे, तो’ असे सांगणे. ते ज्ञान रानातल्या झाडापाशी उभे राहूनच एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. आज यादी छापून सुरक्षित आहे; झाडापाशी नेणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. कुटजाचा अर्थ शब्दकोशात शोधणाऱ्या आमच्या वर्गांनी आषाढात एकदा तरी ती वाट धरावी, असे आम्हांस वाटते.