पर्सियस-अँड्रोमेडा पदक, ब्रह्मपुरी

कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकाडाच्या उत्खननात १९४० च्या दशकात मिळालेले रोमन बनावटीचे कांस्यपदक. काळ साधारणतः इ.स. पहिले शतक. त्यावरची कथा ग्रीक आहे. राणीने रूपाची बढाई मारली म्हणून समुद्रदेव पोसायडन कोपला आणि त्याने किनाऱ्यावर अक्राळविक्राळ जलचर सोडला. देवाचा कोप शांत व्हावा म्हणून राणीची मुलगी अँड्रोमेडा हिला खडकाला बांधले गेले. वीर पर्सियसने तिला सोडवले. युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये या कथेवर शोकनाट्य रचले. त्याचे आता तुकडेच उरले आहेत.

या पदकावरून दख्खनवर ग्रीक संस्कृतीची छाप पडल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पदक एका मोठ्या साठ्यात मिळाले, आणि त्याच साठ्यात पोसायडनची वीतभरही न भरणारी कांस्यमूर्ती होती. एकाच कथेतली दोन पात्रे एकत्र सापडली, म्हणजे संग्राहकाला कथा ठाऊक असणार, असा आक्षेप कोणी घेईल. पण साठा शंभराच्या आसपास वस्तूंचा आहे, त्यात बहुतेक स्थानिक घडणीच्या आणि मोजक्याच रोमन. शेजारी सुरई आहे, आरसा आहे. या साऱ्यांना बांधणारा धागा कथेचा नसून कांस्याचा दिसतो. ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ भडोचला उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे नोंदवतो, हेही याला धरूनच आहे.

मग दख्खनच्या कारागिराने पश्चिमेकडून काहीच घेतले नाही काय? घेतले, पण निवडून. ‘पेरिप्लस’ने भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलेले पैठण आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, त्यापुढचे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तेरला रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीची पदके घडवली गेली. त्यांना ओवायला कडी ठेवली, म्हणजे परक्या नाण्याचा इथे दागिना झाला. उलट दिशेने पाँपेईत भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती पोचली, आणि तिच्याशी जुळणारी मूर्ती तेरलाही मिळाली. त्या एका मूर्तीवरून पाँपेईवर भारतीय धर्माची छाप होती असे कोणी म्हणत नाही. तोच न्याय ब्रह्मपुरीला लावायला हवा. याने पदकाचे मोल घटत नाही. समुद्रापलीकडची कारागिरी सातवाहनकाळात पंचगंगेपर्यंत पोचत होती, याचा तो पक्का पुरावा आहे. म्हणूनच रोमन वस्तू वेगळ्या काढून मिरवण्यापेक्षा स्थानिक भांड्यांसह संपूर्ण साठा एकत्र मांडला आणि अभ्यासला गेला पाहिजे.