डॅगरफॉल : जुना खेळ, नवे इंजिन

‘द एल्डर स्क्रोल्स : डॅगरफॉल’ हा रोल-प्लेइंग गेम बेथेस्डा कंपनीने १९९६ मध्ये डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी आणला. त्याचे नाव दोन गोष्टींमुळे झाले, अवाढव्य आकार आणि अगणित बग. इलिअॅक बे या आखाताभोवतीचा त्यातला मुलूख ग्रेट ब्रिटनच्या दुप्पट असल्याची कंपनीची जाहिरात होती. त्या मुलखातल्या भुयारांत मात्र खेळाडू चालता चालता दगडी ठोकळ्यांच्या सांध्यातून थेट पोकळीत कोसळत असे. हे इतके नित्याचे होते की शेवटच्या सुरक्षित जागी परत नेऊन ठेवणारी कळांची जोडी कंपनीलाच द्यावी लागली. गॅव्हिन क्लेटन यांच्या पुढाकाराने हौशी प्रोग्रामरांनी हाच खेळ युनिटी इंजिनावर नव्याने उभा केला आणि त्याची १.० आवृत्ती ३१ डिसेंबर २०२३ रोजी आली. या कामाची वाखाणणी बहुधा तांत्रिक कसब म्हणून होते. ते कसब आहेच, पण मुळात हे इतिहासलेखन आहे. जुन्या खेळात कर्त्यांचा हेतू कोणता, त्या काळच्या यंत्राची लाचारी कोणती आणि निव्वळ चूक कोणती, याचा निवाडा तो पोर्ट करणाऱ्याला, म्हणजे नव्या इंजिनावर नेणाऱ्याला, पावलोपावली करावा लागतो.

आधी साधने पाहू. डॅगरफॉलची दुनिया खेळताना आपोआप तयार होते, असा एक जुना समज आहे. तो खरा नाही. गावे, भुयारे, डोंगर हे बहुतेक सारे प्रोग्रामकडून बनवून घेतले होते हे खरे, पण ते खेळ तयार होत असतानाच. सीडीवर ते गोठवलेल्या रूपात आले आणि सगळ्यांना तेच मिळाले. जमिनीच्या उंचीचा नकाशा १००० बाय ५०० चौकटींचा आहे आणि एका चौकटीची बाजू सुमारे ८१९ मीटर भरते. म्हणजे या नकाशात पाऊण किलोमीटरहून जास्त अंतराला उंचीची एकच ढोबळ नोंद. जुन्या इंजिनाला लांबचे दाखवताच येत नसे, त्यामुळे एवढी तुटपुंजी माहितीही खपून गेली. युनिटीत क्षितिजापर्यंत दिसू लागले आणि प्रश्न पुढे आला : दोन नोंदींमधली जमीन कशी असावी? याचे पुरेसे उत्तर सीडीवर नाही. नव्या आवृत्तीतल्या टेकड्या मूळ आकड्यांवर आधारलेल्या असल्या तरी त्यांचे चढउतार कोणीतरी ठरवलेले आहेत, आणि ते ठरवणे हा अन्वयार्थच झाला.

नियमांच्या बाबतीत काम याहून किचकट होते. बेथेस्डाने २००९ मध्ये, मालिकेला पंधरा वर्षे झाली तेव्हा, डॅगरफॉल फुकट उपलब्ध करून दिला. सोर्स कोड मात्र दिला नाही. तलवारीचा वार लागतो की हुकतो, दुकानदार भाव किती उतरवतो, कौशल्य कधी वाढते, ही सूत्रे चालत्या प्रोग्रामचे पोट फाडून आणि परत परत खेळून काढावी लागली. खेळातल्या कामगिऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. मूळ खेळात प्रत्येक कामगिरीच्या दोन फायली असत, एकीत संवादांचा मजकूर आणि दुसरीत यंत्रालाच कळेल असे तर्कशास्त्र. जुन्या खेळाडूंनी या दुसऱ्या फायली उकलणारी साधने आधीच बनवली होती. त्याच पायावर युनिटीच्या आवृत्तीत दोन्ही भाग एका साध्या मजकुराच्या फायलीत आले. ती उघडली की संवादांच्या मजकुराखाली माणूस, जागा, शत्रू, मुदतीचे घड्याळ यांच्या घोषणा ओळीने दिसतात आणि त्याखाली काय घडल्यावर काय सुरू व्हायचे त्याच्या अटी. एखादी कामगिरी अर्ध्यात का अडकत होती, हे आता वाचून समजते. १९९६ च्या खेळाडूला ते नशिबावर सोडावे लागत होते.

यावर पहिला आक्षेप असा की खरे जतन, डॉसचे जुने प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारा डॉसबॉक्सच करतो : जुना प्रोग्राम जसाच्या तसा चालवावा, हात लावू नये. आक्षेप वजनदार आहे, कारण डॉसबॉक्स नसता तर पडताळून पाहायला मूळच उरले नसते. पण जसाच्या तसा म्हणजे नेमका कोणता? दुकानात आलेला खेळ मुख्य कथाही धड पूर्ण होऊ देत नाही म्हणून बदनाम होता; मग एकामागून एक पॅच आले. आज जो ‘मूळ’ म्हणून चालवला जातो तो या सगळ्या डागडुजीनंतरचा. खुद्द कर्त्यांनीच हेतू आणि चूक यांची निवड सुरू केली होती, आणि पोर्ट करणाऱ्यांनी ती पुढे नेली एवढेच.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. मर्यादांनीच त्या खेळाचे वातावरण घडवले होते. धुके हटले, चित्र स्वच्छ झाले, की भीतीही गेली. याचे पूर्ण खंडन करता येत नाही, करूही नये. युनिटीच्या आवृत्तीने त्यावर काढलेला मार्ग मात्र प्रामाणिक आहे. हवे तर ३२० बाय २०० ठिपक्यांचे जुने चित्र परत आणता येते. बहुतेक भुयारे आटोपशीर करण्याची सोयही आहे, पण ती खेळाडूने आपणहून निवडायची. निवाडा केला, पण तो लादला नाही. कंपन्यांना हे क्वचित जमते. याच मालिकेतला २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ २०२५ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हा वर अनरिअल इंजिनाचे चित्र आणि आत जुन्याच इंजिनाचा कारभार अशी रचना होती. टँडिल्वे या पात्राला आवाज देणारी अभिनेत्री मध्येच थांबून वाक्य पुन्हा घेऊ द्या म्हणते, ते चुकून राहिलेले रेकॉर्डिंगही तसेच ठेवले. रसिकांना ते आवडले, आणि मलाही. पण तिथे काय राखायचे ते कंपनीने ठरवले. खेळणाऱ्याच्या हातात तो निर्णय नव्हता.

राहता राहिला तिसरा आक्षेप : नवे इंजिन तरी कुठे अमर आहे? डॅगरफॉलची १.० आवृत्ती २०२३ च्या अखेरीस आली ती युनिटीच्या २०१९ च्या आवृत्तीवर, म्हणजे जन्मतःच चार वर्षे मागे. २०२३ च्याच सप्टेंबरमध्ये युनिटी कंपनीने दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि जगभरचे गेम बनवणारे खवळले; वर्षभराने ते रद्द झाले, पण दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड थाटण्यातली जोखीम सगळ्यांच्या लक्षात आली. म्हणूनच या प्रकल्पातला टिकाऊ भाग युनिटी नव्हे. खुल्या परवान्याखाली ठेवलेल्या त्या सी-शार्प कोडमध्ये डॅगरफॉलच्या फायली कशा वाचायच्या आणि त्याची सूत्रे काय आहेत, हे आता माणसाला वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले आहे. उद्या आणखी कोणाला तिसऱ्याच इंजिनावर जायचे झाले, तर त्याला पुन्हा १९९६ च्या प्रोग्रामशी झटापट करावी लागणार नाही. आणि उंचीच्या दोन नोंदींमधली टेकडी पटली नाही, तर ती कोणत्या ओळीत ठरली तेही त्याला सापडेल.