अस्वस्थ पाय आणि दीर्घ वेदना : एका व्याधिनामाचा इतिहास

व्याधींची नावे ही इतिहासाची साधनेच होत. एखाद्या कालखंडातील वैद्यकाने रुग्णाच्या कथनातील काय ग्राह्य धरले व काय वगळले, हे त्यांवरून कळते. ‘अस्वस्थ पाय’ या नावाने आज परिचित असलेली व्याधी या दृष्टीने उद्बोधक आहे. विसाव्याच्या वेळी, विशेषतः सायंकाळी व रात्री, पाय हलविण्याची अनावर ऊर्मी येणे आणि चालल्याने ती तात्पुरती शमणे, हे तिचे मुख्य लक्षण. नामकरणाच्या ओघात या व्याधीतील अस्वस्थता पुढे आली व वेदना मागे पडली. याचा सर्वाधिक भार ज्यांना दोन्ही सोसावे लागते त्यांच्यावर पडला, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

या व्याधीचे पहिले स्पष्ट वर्णन इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस याचे मानले जाते. त्याचा मूळ लॅटिन ग्रंथ १६७२ मधील असून हे वर्णन १६८५ मध्ये लंडन येथे निघालेल्या त्याच्या वैद्यकीय लेखनाच्या इंग्रजी संकलनातही आढळते. अंथरुणावर पडताच हातपायांत उसळ्या येतात व रुग्ण एखाद्या यातनास्थानी असल्याप्रमाणे झोपेला मुकतो, असा त्याच्या निरूपणाचा आशय आहे. येथे विवेचन हालचालीचे असले तरी उपमा यातनेची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात या तक्रारीचा अर्थ पालटला. १८६१ मध्ये जर्मन वैद्य थिओडोर विट्माक याने तिला ‘अँक्झायटास टिबिआरम’, म्हणजे ‘नडग्यांची अस्वस्थता’, असे म्हटले व तिची गणना उन्मादाच्या लक्षणांत केली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जॉर्ज बिअर्ड याने मज्जादौर्बल्याच्या लक्षणसमूहात तिला स्थान दिले. या वर्गीकरणाचा परिणाम केवळ शास्त्रीय नव्हता. तपासणीत काही आढळत नसलेल्या रुग्णाचा शब्द हाच एकमेव पुरावा असतो. त्या शब्दावरच संशयाची छाया पडली.

हा संशय दूर करण्याचे श्रेय प्रामुख्याने स्वीडिश मज्जाशास्त्रज्ञ कार्ल-आक्सेल एक्बोम (१९०७-१९७७) याला द्यावे लागते. १९४४ मध्ये त्याने या विषयावर लेख लिहिला आणि १९४५ मध्ये ‘रेस्टलेस लेग्ज’ हा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याने व्याधीचे दोन प्रकार मानले होते. एकात खोलवर सरपटल्यासारख्या विचित्र संवेदना प्रधान होत्या; दुसऱ्यात वेदना प्रधान होती, व म्हणून त्याच्या लॅटिन नावात ‘डोलोरोसा’, म्हणजे वेदनायुक्त, हे विशेषण होते. पुढे प्रबंधाचे सुटसुटीत इंग्रजी नाव रूढ झाले आणि त्या विशेषणाचा व्यवहारात विसर पडला.

यानंतरच्या संशोधनाने हाच कल दृढ केला. १९५३ मध्ये नॉर्डलँडर याने शिरेवाटे लोह देऊन उपचार केल्याचे नमूद केले. १९६० च्या दशकात इटलीतील लुगारेसी व त्याचे सहकारी यांनी निद्रेतील पायांच्या नियतकालिक हालचालींची यंत्रांनी नोंद केली. १९८२ मध्ये तुर्कस्तानातील अक्पिनार याने लेव्होडोपाचा उपयोग दाखविला. कंपवातावरील औषध येथे लागू पडल्यामुळे ही व्याधी हालचालींच्या विकारांत जाऊन बसली. १९९५ मध्ये निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निकषांत, लक्षणांचा उलगडा केवळ संधिवात, स्नायुदुखी वा पेटके यांसारख्या अन्य कारणांनी होत नसावा, अशी अट स्वतंत्रपणे मांडली गेली. अट शास्त्रदृष्ट्या रास्त आहे. परंतु ज्याचे गुडघे वा कंबर आधीच दुखत असते, त्याच्या बाबतीत वळवळ कोणती व ठणका कोणता हे वेगळे करणे वैद्याला व रुग्णालाही कठीण जाते.

अशा रुग्णाचे दैनंदिन जीवन हे दोन परस्परविरोधी आज्ञांचे पालन असते. दुखऱ्या सांध्याला विसावा हवा असतो, तर विसावा मिळताच पाय उठावयास लावतात. उठून येरझाऱ्या घातल्या की वळवळ शमते, पण दुखणे बळावते. झोप तुटल्याने दुसऱ्या दिवशी वेदना अधिक जाणवते. उपचारांतही हाच पेच आहे. दीर्घ वेदनेसाठी दिली जाणारी अॅमिट्रिप्टिलीनसारखी औषधे काहींच्या पायांची अस्वस्थता वाढवितात. उलट डोपामीनसदृश औषधे दीर्घकाळ घेतल्यास लक्षणे दिवसा लवकर सुरू होतात व तीव्र होतात, हेही १९९० च्या दशकापासून निदर्शनास आले.

एकविसाव्या शतकात मात्र वेदनेचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २००४ मध्ये जर्मन संशोधकांनी, या रुग्णांना टोचण्याची वेदना निरोगी व्यक्तींहून अधिक जाणवते, विशेषतः पायांत, असे दाखविले. २०१४ मधील एका मोठ्या चाचणीत मज्जाजन्य वेदनेवर वापरले जाणारे प्रीगॅबालिन येथेही गुणकारी ठरले. २०२५ मध्ये अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने डोपामीनसदृश औषधांचा सर्रास वापर करू नये अशी शिफारस केली आणि प्रीगॅबालिनच्या वर्गातील औषधे व लोहाची कमतरता असल्यास शिरेवाटे लोह यांना अग्रक्रम दिला.

एक्बोमने नोंदविलेले विशेषण अशा रीतीने मागील दाराने परत आले आहे. या व्याधीचे निदान आजही मुख्यतः रुग्णाच्या कथनावरच अवलंबून असते; रक्ताची तपासणी लोहाची उणीव दाखविते, व्याधी सिद्ध करीत नाही. म्हणूनच मराठी रुग्ण ‘वळवळ’, ‘मुंग्या’, ‘कळ’ व ‘ठणका’ असे निरनिराळे शब्द योजतो, तेव्हा त्या भेदांना पुराव्याचे मोल आहे. ते सारे ‘दुखणे’ या एका शब्दात गुंडाळले, तर एका व्याधीच्या आड दुसरी दडून राहते आणि रुग्णाच्या कित्येक वर्षांच्या रात्री निद्रेवाचून जातात.