पाण्याच्या आठ्या

नवी मुंबईजवळच्या गव्हाणच्या खाडीकडे तोंड करून उभे राहा आणि वर्षं उलटी सोडा. २०२४ चा अटल सेतू नाहीसा होतो. १९८९ चं न्हावा-शेवा बंदर जातं, १९७० ची सिडकोही जाते. मागे उलवं नुसतं गाव उरतं. खाजण, मिठागरं, ओहोटीचा चिखल. वारा पाण्यावर बारीक रेघा ओढतोय.

होडीत बसा आणि चौल गाठा. साल १७७७. साष्टी दोन-अडीच वर्षांपूर्वीच इंग्रजांनी घेतलीय, म्हणून मुंबईच्या बाजूला फारसं बघू नका. चौलला फ्रेंच जहाज आलंय. त्यातून उतरलेला शव्हालिये द सँ ल्युबँ पुण्याला नाना फडणविसांकडे निघालाय. फ्रान्सची मदत देऊ करायची आणि बदल्यात हेच बंदर मागायचं, असा त्याचा बेत. मुंबईकर इंग्रजांची झोप उडवायला तेवढं पुरलं. माणूस मोठा बोलघेवडा. त्याला जाऊ द्या. तुम्ही जहाजावरच थांबा.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जाड दोर सैल पडलेत. खलाशी ते बारीक दोरीने आवळताहेत. त्या दोरीला ते ‘रीद’ म्हणतात. म्हाताऱ्या खलाशाच्या गालावर दिसतात त्याही रीदच, आणि जहाजाखालच्या पाण्यावर उठतात त्याही. आपण कपाळाला आठ्या देतो, कापडाला चुण्या, कातडीला सुरकुत्या, पाण्याला तरंग. फ्रेंचांनी यातलं बरंच एकाच शब्दावर भागवलंय.

का, ते बघायला आणखी चार शतकं मागे, थेट फ्रान्सात जावं लागेल. चौदाव्या शतकातल्या एका श्रीमंत घरात पलंगाभोवती पडदा सोडलाय: ‘रिदो’. चुण्यांचा, म्हणून रिदो. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रिदे’ म्हणजे चुण्या पाडणं, आणि त्याही मागे जुन्या जर्मानिक बोलीतलं क्रियापद आहे, पिळणं किंवा वळवणं अशा अर्थाचं. दोर असो, कापड असो की गाल, मुळात पीळ आहे. वय नंतर आलं.

आपली ‘वळी’ही अशीच, संस्कृत ‘वल्’ म्हणजे वळणं यातून आलेली. फक्त संस्कृत कवी जास्त रसिक. म्हातारपणी अंगावर पडते ती वळी, आणि तरुणीच्या पोटावरच्या तीन घड्यांची त्रिवळी. तिच्यावर त्यांनी श्लोकच्या श्लोक खर्चलेत, आणि ती घालवायचं औषध काही कोणी विचारलेलं नाही.